लाल धाग्याचं दुसरं टोक

"माझी लेक पडली न्हाई. पाडली तिला," नागुबाई म्हणाली आणि पदरानं तोंड दाबून उंबऱ्यातच बसली.

किशनराव बिराजदार पोलीस जमादारकीतून सुटल्यापासून लातूरच्या वकिलांसाठी खासगी चौकशा करत. त्यांचा मेहुणा व्यंकटी जीप चालवायचा. दाजींना जे एका नजरेत दिसतं ते आपल्याला दोन दिवसांनी कळतं, हे तो स्वतःच हसत सांगायचा. त्या सकाळी मात्र त्याचं हसू मावळलं.

नागुबाईची पंचशीला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीला होती. काल दुपारी ती जिन्याखाली सापडली. डोकं फुटलं होतं आणि अजून शुद्ध नव्हती.

"काल निघताना म्हणली," नागुबाई सांगू लागली, "आई, एक विहीर दोन खात्यांत दोन नावानं नांदतीय. एकात बंद हाय, दुसऱ्यात चालू. तळाला फवारणीच्या औषधाचे डबे सापडलेत अन् लोक तीन दिवस तेच पिऊन राहिले असतील. आज सांगते अन् थांबवते."

"विहीर कोणती?" किशनरावांनी विचारलं.

"मी इचारलंच न्हाई हो, दादा."

व्यंकटीची लेक विठा देवणीकडं हाळवाडीत दिलेली, कडेवर आठ महिन्यांचं पोर. आणि हाळवाडी टँकरवर जगत होती.

जिल्हा होऊन अजून वर्ष सरलं नव्हतं. दुष्काळानं मात्र कचेऱ्या मांडून होईपर्यंत दम धरला नव्हता. आरोग्यवाले विहिरींना नंबर देत, पाणीवाले मालकाच्या नावानं ओळखत, आणि दोन्हींचा मेळ घालणारी महसुलाची दप्तरं अजून जुन्या जिल्ह्यातच पडून होती. म्हणून सगळ्या खात्यांच्या शब्दांचा एकच सामाईक नकाशा करायचं काम पंचशीलाकडं आलं होतं. दप्तरं बघायला ती स्वतःच्या खर्चानं दोनदा एस.टी.नं जाऊन आली होती.

नकाशा तिच्या खोलीत भिंतभर गोणपाटावर होता. टाचण्या मिळाल्या नव्हत्या, म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी टोचलेले. आरोग्य खात्याचा कारकून अण्णाराव समजावून देऊ लागला.

"डावीकडं आमच्या चौदा बंद विहिरी. उजवीकडं पाणीवाल्यांच्या नऊ, टँकर भरायच्या. निळा धागा म्हंजे कोणतं गाव कोणत्या विहिरीचं पाणी पितं. लाल धागा म्हंजे दोन नावं, पण वस्तू एकच. लाल धागा बांधला की बाई एकीचा तपशील दुसरीच्या पाठीवर उतरवायच्या."

"चौदांची यादी कोणाकोणाकडं आहे?"

"माझ्या कपाटात अन् पंचशीलाबाईकडं. टाईपरायटर आला की बाकीच्यांना धाडणार."

"डबे कोणत्या विहिरीत सापडले?"

"पाहणी करणारा बदलून गेला. चौदाच्या चौदा ओढ्याकाठी, अन् कारण लिहिलंय फक्त 'दूषित'."

व्यंकटीनं भिंतीवर हाळवाडी शोधली. 'हाळवाडी, घरं त्रेसष्ट.' निळा धागा लक्ष्मम्माच्या विहिरीला जात होता. त्या त्रेसष्टात एक घर विठाचं. लक्ष्मम्माच्या विहिरीला लाल धागा नव्हता आणि त्याला जरा धीर आला.

सगळ्या भिंतीवर लाल धागा एकच होता, अकरा नंबरपासून शिवप्पाच्या विहिरीपर्यंत. किशनरावांनी अकराचा पुठ्ठा उलटा करून वाचला, "पिणारी घरं त्रेसष्ट." मग शिवप्पाचा उलटला. पाठ कोरी होती. पुढं लिहिलं होतं, 'आटली, फेब्रुवारी.'

"सगळेच टँकर थांबवा की, दाजी!"

"कलेक्टरसाहेबांना विचारलं मी," किशनराव म्हणाले. "बेचाळीस गावं तहानेनं मरतील म्हणाले. विहिरीचं नाव आणा, लगेच थांबवतो. चारला टँकर सुटतात."

घड्याळात बारा वाजून गेले होते.

टँकरचा ठेकेदार शेषेराव मोंढ्याजवळ सापडला. आवाज मोठा, नजर चोरटी.

"ओव्हरसिअर चिठ्ठी देतात, तिच्यावर मालकाचं नाव असतंय. तिथं भरायचं, गावात ओतायचं. तुमचे नंबर-बिंबर मला न्हाईत ठाऊक. हाळवाडीला सोमवारपासनं रोज दोन खेपा."

"पंचशीलाबाईंशी भांडण झालं होतं म्हणे."

"झालतं. बाई लई इचारायची. म्हणून काय जीव घेतो का मी?"

व्यंकटीला वाटलं, हाच तो. बोलणं चाललं असताना किशनरावांनी हाळवाडीच्या टँकरच्या नळीत हात घातला. बोटांना कोरडी धूळ लागली. ती त्यांनी रुमालाला पुसली.

पाणी खात्याचा ओव्हरसिअर वीरभद्र शांत माणूस होता. पाण्याचा तांब्या त्यानंच पुढं केला. व्यंकटीला तो हातात धरवेना.

"ती भिंत मी कधी बघितली नाही," वीरभद्र म्हणाला. "आमचं काम मालकाच्या नावानं चालतं. पण घाबरू नका. अकरा नंबर म्हणजे शिवप्पाची विहीर, ती तर कधीच आटलीय. तिचं पाणी कोण पिणार?"

व्यंकटीचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन त्यानं घाम पुसला. "सुटलो, दाजी!"

"सगळ्यांना भिंतीपाशी गोळा कर," किशनराव म्हणाले. "पळ."

साडेतीनला पंचशीलाच्या खोलीत अण्णाराव, शेषेराव आणि वीरभद्र उभे होते. नागुबाई दाराशी बसली होती.

"पंचशीला आईला म्हणाली की लोक ते पाणी पितायत," किशनराव म्हणाले. "आटलेल्या विहिरीचं पाणी कोणी पीत नाही. म्हणजे हा लाल धागा तिनं बांधलेलाच नाही. कोणीतरी त्याचं दुसरं टोक काढून शिवप्पाला टोचलं. भीती वाटू नये, आणि धागा गेलेलाही दिसू नये."

त्यांनी अकराचा पुठ्ठा पुन्हा उलटा केला.

"पण नातं दोन्ही टोकांना लिहिलेलं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. अकराच्या पाठीवर त्रेसष्ट घरं आहेत. शिवप्पाची पाठ कोरी. त्रेसष्ट घरांचं गाव भिंतीवर एकच, हाळवाडी. ती लक्ष्मम्माच्या विहिरीवर आहे." त्यांनी लक्ष्मम्माचा पुठ्ठा उलटला. मागे बारीक अक्षरात होतं, 'आरोग्य, बंद ११.'

व्यंकटीनं तो पुठ्ठा हातात घेऊन पुन्हा वाचला.

"आता टोक बदललं कोणी? अण्णारावांना सगळे नंबर माहीत. पण त्यांना धागा लपवायचा असता तर आपल्याच यादीतला अकरा खोडला असता, विषय संपला. शेषेरावांना नंबर ठाऊकच नाहीत. वीरभद्र, यादी तुमच्याकडं आलेली नाही, भिंत तुम्ही पाहिलेली नाही. आम्ही तुमच्यापुढं नंबर उच्चारलाही नव्हता. तुम्हाला अकरा कुठून कळला?"

वीरभद्र खुर्चीत मटकन बसला.

"विहीर न बघताच मी 'पिण्यायोग्य' अशी सही केली होती. बाई आधी माझ्याकडंच आल्या. म्हणाल्या, तुम्हीच थांबवा, तुमची अब्रू राहील. मी दोन दिवस मागितले. त्या साहेबांकडं निघाल्या. जिन्यात मी हात धरला, त्यांनी हिसडला, आणि मी ढकललं. मग इथं येऊन धाग्याचं टोक बदललं."

"तुझीच अब्रू वाचवायला आली हुती ती," नागुबाई म्हणाली. "उचलायला तरी थांबायचं हुतंस."

अण्णाराव टँकर थांबवायला साहेबांकडं धावला.

पण व्यंकटीच्या कानात सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज दोन खेपा एवढंच घुमत होतं. "तीन दिवस! दाजी, माझी विठा... पोर तिच्या अंगावर पितंय हो!"

किशनराव शेषेरावकडं वळले. "टँकरची नळी आतून वाळलेली आहे. धूळ आहे तिच्यात. खरं बोल. या माणसाच्या लेकीचा जीव आहे."

शेषेरावची पाचावर धारण बसली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातातून गळाला.

"हाळवाडीला एकबी खेप गेली न्हाई," तो पुटपुटला. "नुसती कागदावर. डिझेल विकलं मी. आज साहेब तपासणीला जाणार, म्हणून चारला पहिल्यांदा पाठवणार हुतो."

व्यंकटीनं त्याची गचांडी धरली. तीन दिवस या माणसानं त्याची लेक आणि नातू तहानलेले ठेवले होते, आणि म्हणूनच ते जिवंत होते. त्याला मारावं की त्याच्या पाया पडावं, हे व्यंकटीला उमगेना. मूठ आवळलेलीच राहिली आणि तो ढसाढसा रडू लागला.

मग त्यानं शेषेरावला तसंच ओढत जिना उतरवला, जीपमध्ये बसवला आणि सरकारी दवाखान्याच्या नळावर आणला. तिथं त्यानं चार घागरी त्याच्या पुढ्यात आपटल्या.

"भर," तो म्हणाला. "हाळवाडीच्या घराघरात तूच नेऊन द्यायचं. आधी माझ्यासमोर एक तांब्या पी."