लाल दिवा आणि अर्धी मिशी

पैज लागली ती कॉलनीच्या फाटकावर, सूर्यदिव्याखाली, सकाळी दूध आणायच्या वेळेला. थळेनाना छातीवर पंजा ठेवून चारचौघांना सांगत होते की दिवा लाल व्हायच्या आधी आपल्या छातीला कळतं. हसुराम पाटील पिशवी हलवत म्हणाला, "नाना, घरात वहिनी कधी चिडल्या ते तुमच्या छातीला कळत नाही. सूर्याचं काय कळणार?"

लोक हसले. नाना हसले नाहीत.

गेली बारा वर्षं सूर्याचं डोकं फिरलं होतं. त्याच्या अंगावरून भारलेल्या कणांचे लोट सुटायचे, दोन-तीन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळायचे, आणि डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी हिंदकळावं तसं पृथ्वीचं चुंबकत्व डुचमळायचं. म्हणून त्याला नावच पडलं 'डुचमळ'. डुचमळीच्या दिवशी काही माणसांचा रक्तदाब चढतो, काळजाचा ठोका चुकतो, असं आकडेवारीत दिसायला लागलं. मग वस्तीवस्तीत सूर्यदिवे बसले. हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे डुचमळ. ज्याला ती बाधते त्याला 'डुचमळ्या' म्हणून कार्ड. कार्डवाल्याने गाडी, बोट, काही चालवायचं नाही. तपासणीचं यंत्र अख्ख्या तालुक्यात एकच, तेही चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेत, त्यामुळे कार्ड कुणाला द्यायचं ते वस्तीची समिती ठरवायची. ह्या कॉलनीत समिती म्हणजे थळेनाना, आणि नानांचं यंत्र म्हणजे त्यांची तीन बोटं. नाडी धरायची, डोळे मिटायचे, मान हलवायची.

दोन वर्षांपूर्वी अशीच मान त्यांनी चांगुणाची नाडी धरून हलवली होती. चांगुणा हसुरामची धाकटी बहीण. धक्क्यावरून सुटणाऱ्या प्रवासी लाँचचं चाक धरणारी ती तांडेल, पहिली बाई तांडेल. नवरात्राचे नऊ दिवस पोटात अन्नाचा कण नाही, वर ऊन, आणि नेमका लाल दिवा. धक्क्यावर तिला घेरी आली. नानांनी तिथल्या तिथे अहवाल लिहिला. परवाना गेला, आणि आठवड्याभरात तिच्या लाँचच्या चाकावर नानांचा भाचा उभा. चांगुणा तेव्हापासून घरात बसून जाळी विणत होती, आणि भाच्याच्या लाँचचा भोंगा झाला की खिडकी लावून घेत होती.

हसुरामने दोन वर्षं हात राखून बदला घेतला. नानांच्या एसीत जवळ्याची पुडी सारली. त्यांच्या दाराची बेल वाजवली की शेजारच्यांचा पंखा फिरेल अशी वायर जोडली; कॉलनीचा वायरमन तोच होता. पण पोटातला निखारा काही विझत नव्हता.

आता नाना आयतेच तावडीत आले होते. पैज अशी ठरली. वेधशाळेत आठ दिवस, रोज एक तास बसायचं. नानांनी सांगायचं, आज डुचमळ आहे की नाही. आठात सहा बरोबर आले तर हसुरामने रविवारी भर मासळीबाजारात अर्धी मिशी उतरवायची. नाही आले तर नानांनी. अर्ध्या मिशीवरच लोक इतके खूश झाले की मागाहून हसुराम हळूच जे बोलला ते कुणी फारसं ऐकलं नाही: नाना हरले तर चांगुणाचा अहवाल मागे घ्यायचा.

"आणि वर हेही लिहा," तो रंगात येऊन म्हणाला. "सूर्य ह्या कॉलनीत कुणाच्याच छातीला शिवत नाही. एकाच्या जरी शिवला, तरी माझी मिशी."

वेधशाळेतल्या रिबेका वाकरूळकर बाईंनी दोघांना दारातच थांबवलं. आत लोखंड न्यायचं नाही. इमारतीत खिळेसुद्धा तांब्याचे होते. किल्ल्या काढा, घड्याळं काढा. नानांच्या पट्ट्याचं बक्कल लोखंडी निघालं. आठही दिवस ते एका हाताने पँट धरून आत गेले, आणि आठही दिवस हसुरामने त्यांना वाकून वाट दिली.

खोलीत माणसाहून उंच तांब्याच्या तारेची वेटोळी होती. बाईंनी समजावलं. वेटोळ्यातून वीज सोडली की बाहेर काहीही चालू असो, आत हवी तशी डुचमळ करता येते किंवा हवी तशी शांतता. कुठल्या दिवशी काय, ते यंत्र ठरवणार. बाईंनाही शेवटी कळणार.

"कितीशी असते हो ही डुचमळ?" हसुरामने विचारलं.

"पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या शंभरातला एखादा भाग. तुमच्या फ्रिजच्या दाराचं चुंबक हजारो पटींनी जोरकस."

"मग त्याने माणसाला काय होणार?"

"बहुतेकांना काहीच नाही. ज्यांना होतं, त्यांनाही बऱ्याचदा पत्ता नसतो."

तुलनेला एक छाती हवी म्हणून त्यांनी नानांबरोबर हसुरामच्याही छातीला ठोके टिपणारी पट्टी लावली.

आता खरी गंमत. सूर्यदिव्याच्या पेटीची किल्ली वायरमनकडेच असते. नाना सकाळी साडेदहाला घरातून निघाले की हसुराम दिवा मनाला येईल तसा लाल किंवा हिरवा करायचा, पाच मिनिटांत पुन्हा होता तसा. लाल दिसला की तेवढ्यात निम्मी कॉलनी डोकं धरून आडवी व्हायची. आणि नाना, आतल्या खोलीचा बाहेरच्या दिव्याशी काही संबंध नाही हे बाईंच्या तोंडून दोनदा ऐकूनही, आत बसले की कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, "आहे. आज जबरदस्त आहे."

हसुराम समोर बसून गाल चावत हसू दाबायचा. मधूनच त्याच्या छातीत पाटीतली मासळी उलटावी तसं व्हायचं. आदल्या रात्रीचे तळलेले बोंबील, दुसरं काय.

रविवारी सकाळी बाईंनी निकाल दिला. नानांचे आठात तीन बरोबर. हसुराम उडी मारून निघालाच होता, तेवढ्यात त्यांनी त्याच्या हातात पाकीट दिलं.

"थळ्यांचं काळीज दिव्याला घाबरतं," त्या म्हणाल्या. "तुमचं सूर्याला ओळखतं. पाच दिवस डुचमळ होती, पाचही दिवस तुमचा ठोका चुकला. हे रक्तातून येतं, पाटील. बहिणीला आज घेऊन या. चाकावर उभी राहायच्या आधी."

हसुरामने पाकीट खिशात घातलं. "उद्या आणतो, बाई. आज नानांची मिशी आहे."

मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सलूनवाल्या मंगेशने खुर्ची थेट धक्क्याच्या तोंडाशी मांडली होती. आधी नानांनी अहवाल मागे घेतल्याच्या कागदावर सही केली, सगळ्यांदेखत. चांगुणाने तो कागद भाच्याच्या नाकासमोर धरला, त्याच्या हातातून चावी घेतली आणि लाँचवर चढली. बेचाळीस माणसं तिच्या मागे. मग मंगेशचा वस्तरा चालला. डावी मिशी फेसासकट फडक्यावर पडली, तेव्हा कोळणींनी पाट्या वाजवल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन वर्षांनी हसुरामच्या पोटात गार वाटलं. लाँचचा भोंगा झाला.

आणि त्याच्या छातीत मासळी उलटली.

आज त्याने बोंबील खाल्ले नव्हते. त्याने वर बघितलं. धक्क्यावरचा दिवा हिरवागार. त्याने लाँचकडे बघितलं. दोर सुटला होता, आणि चांगुणाने एका हाताने चाक धरून दुसरा हात छातीवर ठेवला होता.

"चांगुणा, इंजिन बंद कर!"

बाजार खो खो हसला. हस्याची नवी गंमत. चांगुणाही हसली आणि तिने त्याला हात केला. तो दुसऱ्यांदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला, दिवा खोटा आहे म्हणत त्याच्याकडे बोट दाखवलं. लोक अजून जोरात हसले, कारण दिवा हिरवा होता. वल्ह्याच्या लांबीएवढं अंतर पडलं, मग दोन वल्ह्यांचं.

हसुरामने नानांना खुर्चीवरून ओढून उठवलं आणि स्वतः बसला. खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातात कोंबलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

नानांनी वाचलं. अर्ध्या मिशीखाली ओठ हलत होते, आणि आवाज हळूहळू चढत गेला. पाचातले पाच. रक्तातून येतं. सख्ख्या भावंडांची तपासणी. वाचून झालं तेव्हा बाजारात कुणी हसत नव्हतं. नानांनी मंगेशच्या हातातला ब्रश घेतला, तो बुडवून आणला, आणि स्वतःच्या हाताने हसुरामच्या ओठावर जाड फेस थापला. "उजवी काढ," ते मंगेशला म्हणाले. "माझ्या डावीला जोड होईल."

लाँचवरून चांगुणा बघत होती. भाऊ जगात कशाचीही थट्टा करेल, पण स्वतःच्या मिशीला वस्तरा लावू देणार नाही, हे तिला माहीत होतं. इंजिनाचा आवाज थांबला. खलाशाने दोर फेकला, धक्क्यावरच्या माणसांनी ओढला. माणसं उतरली, एकेक, बेचाळीस. ती मात्र चाक धरून उभीच राहिली. नानांनी कागदावरची सही खोडली नव्हती. खोडायची गरजच उरली नव्हती; आता वेधशाळेचंच पाकीट आड आलं होतं.

धक्क्यावरचा दिवा लाल झाला तेव्हा वस्तरा हसुरामच्या ओठावर होता. त्यामुळे त्याला हलता आलं नाही. नाना शेजारी उभे होते. ह्या खेपेला त्यांनी छातीला हात लावला नाही. त्यांनी हसुरामचं मनगट धरलं, तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटून मान हलवली.