गादीतला खोकला

दिवा राहू दे असाच. सांगण्यासारखं फार नाही, पण सांगायला हवं.

मी पिंजारी. जुन्या गाद्या उसवायच्या, दडपलेला कापूस धनुष्यासारख्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेनं पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून गादी शिवायची, एवढंच आयुष्यभर केलं. त्या दिवशी टेकडीवरच्या मोठ्या घरातून बोलावणं आलं. निघताना माझी म्हातारी बायको म्हणाली, "मोठ्यांचा कापूसही नाजूक असेल हो, हळू मारा!" मोतीबिंदू पिकल्यापासून तिला माझी नुसती सावली दिसते, पण जीभ शाबूत आहे.

मालकीणबाईंनी मला वरच्या खोलीत नेलं. भर दुपार, तरी खिडक्या लावलेल्या. आजाऱ्याच्या अंथरुणाला येतो तसा ओलसर वास.

"इथंच पिंजा," त्या म्हणाल्या. "बाहेर नको."

आमच्या गल्लीतल्या धोबिणीची पोरगी याच घरात कामाला होती. डावखुरी. लहानपणी माझ्या ओट्यावर बसून शिवायला शिकली, तिचे टाके नेहमी उलटीकडे कललेले. अंगठी चोरली म्हणून बाईंनी तिला भर थंडीत अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. खोकला छातीत बसला तो तिला घेऊनच गेला. तेव्हापासून धोबिणीकडे कुणी कपडे टाकत नाही. चोराची आई ना ती!

गादी उसवली. तात छेडली. एरवी ती गुणगुणते. त्या दिवशी... खोकली.

मी हात थांबवला. तात स्थिर होती. खोकला मात्र चालूच होता, कापसाच्या आतून, तोंडावर हात दाबून धरल्यासारखा...

आत हात घातला. कापूस कोमट होता. बोटाला काहीतरी टोचलं. अंगठी.

"सापडली ना?" बाई दारातच उभ्या होत्या. "ठेवा तुम्हालाच. बायकोला दिसत नाही म्हणे, तिचे डोळे करून घ्या."

खोटं कशाला बोलू, माझी मूठ आपोआप मिटली. म्हातारीचा चेहरा समोर आला.

"तुम्हाला ठाऊक होतं, ही इथं आहे?"

"नंतर कळलं... उसवल्या शिवणीतून आत घसरली होती, पाठीला टोचायला लागली तेव्हा. पण तोवर चार लोकांत तिला चोर म्हणून बसले होते. मग कुठल्या तोंडानं..."

"आणि यावरच झोपत होता?"

"टोचण्याची सवय होते हो. या खोकल्याची नाही होत. घेऊन जा ना ती... तिच्यामागं हाही जाईल."

"म्हणजे पोरीच्या जागी आता मी चोर व्हायचं? बाई, गरिबाला मोह होतो, नाही म्हणत नाही. पण पोरीचा जीव गेला तरी तुम्ही नुसती कूस बदललीत!"

मी मूठ उघडली. अंगठी खोळीवर ठेवली, सुई टोपीत खोचली. "ही गादी मी शिवणार नाही. चला आमच्या गल्लीत, तिच्या आईच्या दारात सगळ्यांदेखत सांगा. तोवर मी जिन्यात बसतो."

"माझी अब्रू..."

"धोबिणीलाही होती."

बसलो. बाई ओरडल्या, रडल्या, नोकरांना हाका मारल्या. वर कुणी येईना. खोकला वाढत गेला. ऊन उतरायच्या सुमारास बाई अनवाणीच जिना उतरल्या.

धोबिणीच्या दारात त्यांनी सगळं सांगितलं, अंगठी पुढे केली. धोबिणीनं अंगठीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती राहू दे तुमच्याकडं. परत सांगा, मोठ्यानं. शेवटच्या घरात ऐकू गेलं नाही."

बाईंनी परत सांगितलं.

सकाळी मी गादी शिवायला गेलो. नोकर म्हणाला, बाई रात्री वर गेल्या त्या उतरल्याच नाहीत, पण खोलीत कुणी नव्हतं. गादी भरून शिवलेली होती. बारीक टाके, उलटीकडे कललेले. वीतभर तोंड तेवढं उघडं, आणि तिथं लोंबणारा दोरा हळूहळू हलत होता. खिडक्या बंदच होत्या.

मी वाकून विचारलं, "आता काय राहिलं गं, बाळा?"

खोकला आला नाही. पण त्या फटीतून कुणीतरी कण्हलं...

तो आवाज तिचा नव्हता.