उतारावरचा ट्रेलर

ऐका पोरांनो, आणि मध्ये हसू नका. माझा मावसभाऊ शिंपी. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. शर्ट बिघडला तर गिऱ्हाइकाच्या आधी तोच सांगून मोकळा होतो. त्याच्यावर ओढवलेली गोष्ट आहे ही. गेल्या फेब्रुवारीतली, शेवटच्या शनिवारची रात्र.

दुकान दुसऱ्या गावी हलवायचं होतं. टेम्पोवाल्याने ऐन वेळी टांग मारली, म्हणून याने आपल्या गाडीमागे भाड्याचा ट्रेलर जोडला. हूक नीट बसवला, साखळ्या अडकवल्या, मागचे दिवे वहिनीला बघायला लावले. सगळं रीतसर. फक्त शिलाईची जड मशिनं दुकानातून शेवटी निघाली आणि चढली ती थेट मागच्या फळीला टेकून.

"अहो, जड सामान पुढे घ्यायचं असतं ना?" वहिनी म्हणाली.

"आता सगळं कोण उपसत बसणार? हळू जाऊ की."

गेलेही हळूच. चढ निर्धास्त पार पडला. नवऱ्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत वहिनी मजेत होती. मग उतार लागला. रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उखडून नुसता ओलसर मुरूम दाबलेला.

गाडीने वेग घेतला, आणि ट्रेलर डुलला. आधी जरासा. मग गाडीचं बूडच डावीकडे फेकलं गेलं. मग उजवीकडे.

"ब्रेक दाबा!"

"नको! ब्रेक दाबला तर तो आडवाच येईल!"

त्याने पाय उचलला. स्टेअरिंग सरळ धरलं, मनगटं भरून येईपर्यंत. पण उतार संपेना. कडेला कठडा नाही. खाली काळोख...

आणि डुलणं थांबलं. एकदम. कुणीतरी मागून पकडावं तसं.

गाडी मंदावली. उतारावर, बरं का! ब्रेकवर पाय नाही. तरी मंदावत गेली... आणि उभी राहिली.

त्याने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

चिडीचूप.

मग मागून आवाज आला. धाप लागल्याचा. ओझं पेललेला माणूस टाकतो तशी... लांब... खोल...

"कोण आहे हो?" वहिनी कुजबुजली.

त्याने आरशात पाहिलं. ताडपत्री. बाकी काही नाही.

धाप चालूच.

मग... तीही थांबली.

दोघं जागचे हलले नाहीत. काचा वर. हातात हात. उजाडेपर्यंत.

लख्ख उजेड झाल्यावर तो मशिनं पुढे घ्यायला उतरला. मागे गेला आणि तिथेच थिजला.

ट्रेलरच्या चाकांच्या दोन खुणांमध्ये, मुरमात दोन चर पडले होते. टाचांचे. अनवाणी टाचांचे. वरच्या वळणापासून फळीपर्यंत घासत आलेले. चर संपत होते तिथे दोन पावलं खोल रुतलेली, दहाही बोटं ट्रेलरकडे.

तिथून परत गेलेलं पाऊल... एकही नव्हतं.