क्रेलचा लोखंडी पंजा

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत त्या दिवशी दिवस उजाडला तो काजळी पांघरूनच. दरीच्या तळाशी लॉरेल रेल्वे कंपनीचा कारखाना एखाद्या बेलाग किल्ल्यासारखा उभा होता. चार उंच धुराडी हे त्याचे बुरूज, काळी दगडी भिंत हा त्याचा तट, आणि पहाटेच्या भोंग्यासरशी आत शिरणारी चार हजार माणसे ही त्याची शिबंदी. या किल्ल्याचा धनी एझ्रा हॉल्डन. त्याच्या मस्तकी मुकुट नव्हता की त्याच्या नावाचे नाणे पडत नव्हते. पण शिकागोपासून समुद्रापर्यंत कोणाचा कोळसा वेळेवर पोहोचायचा आणि कोणाचे धान्य वखारीत कुजायचे, हे त्याच्या एका तारेवर ठरत असे.

या राज्यात चाकरीची एक रीत होती, आणि ती सांगतानाही अंगावर काटा येतो. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकमेकींना जोडायच्या तर माणसाने दोन डब्यांच्या मध्ये उभे राहायचे, लोखंडी कडी हाताने धरायची आणि पुढचा डबा येऊन भिडताक्षणी वरून खुंटी ठोकायची. निमिषभर उशीर झाला की बोटे गेली. पाय घसरला की माणूसच गेला. म्हणून भरतीच्या दिवशी मुकादम उमेदवाराला एवढेच म्हणे, "हात दाखव." ज्याची बोटे कमी तो अनुभवी, त्याला काम आधी. दहाही बोटे शाबूत असलेला बिचारा नवखा ठरून रांगेच्या शेवटी जाई.

कारखान्यातला म्हातारा लोहार माथियास क्रेल याचा एकुलता एक मुलगा पीटर असाच दोन वाघिणींमध्ये चिरडून गेला होता. त्यानंतर सहा वर्षे खपून क्रेलने एक लोखंडी पंजा घडवला. डबे भिडले की दोन पंजे आपोआप एकमेकांत अडकत. मध्ये माणूस लागतच नसे. सरकारने त्याला पेटंटची सनद दिली, वर्तमानपत्रांनी वाहवा केली, तेव्हा कुठे हॉल्डनने दखल घेतली. करार झाला. पंचमंडळासमोर चाचणी व्हायची. पंजा टिकला तर कंपनीच्या वीस हजार वाघिणींना तो बसेल, आणि मोडला किंवा क्रेलने माघार घेतली तर सनद कंपनीची होईल. चाचणीचा पंजा आदल्या संध्याकाळपासून कंपनीची मोहोर लावलेल्या पेटीत राहणार होता. सरळ मनाच्या क्रेलने मुकाट सही केली. त्याला लोखंडातली खोट कळत असे, माणसातली नाही.

सकाळी तीन पंचांसमक्ष मोहोर फुटली आणि पंजा वाघिणीला चढवला गेला. पीटरचा जुना सोबती, ब्रेकवर काम करणारा ओवेन टीग, तिथेच उभा होता. त्याच्या डाव्या हाताला दोनच बोटे उरली होती. सवयीने त्याने पंज्यावर हातोडी वाजवली आणि तो चपापला.

"उस्ताद," तो क्रेलच्या कानाशी लागला, "हा तुमच्या हातचा नाही. वाजवून बघा, बद्द बोलतोय."

क्रेलने वाजवून पाहिले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तडक कंपनीचा कारभारी हार्लन व्हॉस याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"व्हॉससाहेब, पेटीत दगा झाला आहे. हे ओतकाम माझे नाही. एक दिवसाची मुदत मिळावी, एवढीच विनंती."

व्हॉस अदबीने हसला. अशी अदब पाहिली की मला चीडच येते. "क्रेल, मोहोर या मान्यवरांसमक्ष फुटली. कंपनीची मोहोर खोटी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. मात्र माघार म्हणजे हार, हे तुमच्याच सहीने ठरले आहे."

मुख्य पंचांनी घड्याळ पाहिले. "आमची गाडी नऊला निघेल. चाचणी होणार आहे की नाही?"

क्रेलने मागे वळून पाहिले. कारखान्याच्या भिंतीशी शेकडो माणसे उभी होती, पण त्यांतला एकही पुढे आला नाही. त्यांनी तरी कोणाच्या जिवावर यावे?

"होऊ द्या, उस्ताद," ओवेन म्हणाला. "मी वर ब्रेकवर उभा राहतो. तुटलंच तर डबे मी आवरीन."

"तू नको जाऊस, ओवेन. एक पोर दिलंय मी."

"मग दुसरा कोण जाईल?"

सपाटीवर पंजा दोनदा इंजिनाच्या पंज्यात बिनचूक अडकला आणि भिंतीपाशी टोप्या उडाल्या. तिसऱ्यांदा इंजिन धान्याने भरलेल्या दोन वाघिणी चढावर ओढू लागले, आणि अर्ध्या चढावर काडकन आवाज झाला. पंजा दुभंगला, वाघिणी सुटल्या आणि मागे घरंगळत वेगाने उतार कापू लागल्या. पायथ्याशी त्याच रुळांवर पंचांची खास गाडी उभी होती आणि पंच तिच्या सज्ज्यात होते. ओवेनने पहिल्या वाघिणीच्या छपरावरचे ब्रेकचे चाक सगळे बळ लावून आवळले, हलत्या छपरावरून तो धावला, दुसरीवर त्याने उडी घेतली आणि तिचेही चाक छातीने रेटून फिरवले. पंचांपासून दहा पावलांवर वाघिणी थांबल्या.

पहिला बोलला तो व्हॉस. "पाहिलेत, महोदय? यंत्र मोडले, पण आमचा माणूस टिकला. असे हात पदरी असताना पंजा कशाला हवा?"

मुख्य पंचांनी टोपी काढली. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. भरल्या डोळ्यांनीच ते आत गेले आणि त्यांनी निवाडा लिहिला: शोध बेभरवशाचा, जुनी पद्धत भरवशाची.

नऊ वाजता त्यांची गाडी सुटली. मार्ग मोकळा करायचा म्हणून मुकादमाने वाघिणी पुन्हा इंजिनाला जोडायला सांगितल्या; पंजा तर मोडला होता, म्हणजे कडी आणि खुंटीच आली. रोजच्या सवयीने ओवेन मध्ये शिरला आणि त्याने उजव्या हाताने कडी धरली. इंजिन मागे आले. ती किंकाळी ऐकून क्रेल पंचांच्या गाडीमागे रुळांवरून वेड्यासारखा धावत सुटला. "थांबा! आता बघा! आता बघा हो!" गाडी वळणाआड गेली.

कंपनीने ओवेनला सोन्याचे घड्याळ बहाल केले. उजवा हात मनगटापासून गेला होता आणि डाव्याच्या दोन बोटांत घड्याळ धरून किल्ली देणे जमेना, म्हणून ती त्याची बायको देत असे. क्रेलची सनद हॉल्डनच्या तिजोरीत पडून राहिली. क्रेल दोन हिवाळ्यांत खचून मेला. पुढे वॉशिंग्टनच्या दरबाराने कायदा केला, आपोआप जुळणारे कपलिंग सक्तीचे झाले, आणि तिजोरीतून निघालेला पंजा वीस हजार वाघिणींवर झळकू लागला. त्यावर ठळक अक्षरांत ओतलेले नाव होते हॉल्डनचे.

त्या वर्षीच्या भरतीला ओवेन फाटकावरच्या पहारेकऱ्याचे तरी काम मिळेल म्हणून रांगेत उभा राहिला.

"हात दाखव," नवा मुकादम म्हणाला, आणि पाहून त्याने मान हलवली. "असले हात आता नको आम्हाला, बाबा. दहा बोटांची माणसं घेतो आम्ही."

ओवेनने मागच्या रांगेकडे पाहिले. "सगळ्यांची दहा आहेत?"

"सगळ्यांची."

हे क्रेलला सांगावे असे त्याला फार फार वाटले. तो रांगेतून बाजूला झाला, आणि मुकादम पुढच्याला म्हणाला, "हात दाखव."