कधीच न दिलेलं औषध

नेयाफू या बेटावरच्या गावातल्या दवाखान्यातली नर्स कालोलाइने भल्या सकाळी सिओसाइयाच्या ओट्यावर येऊन रडायलाच लागली. पोलिसातून निवृत्त झालेला सार्जंट सिओसाइया आता लोकांच्या भानगडी सोडवी. त्याचा टॅक्सीवाला मित्र पेनी पार गडबडला. त्याने तिच्यापुढे शहाळं ठेवलं, त्याला तेवढंच सुचलं.

परदेशी संशोधकांनी घरोघरच्या लहानथोरांची लाळ तपासायला नेली होती. तिच्या नऊ महिन्यांच्या फोलाऊच्या तोंडातल्या जंतूंत टेट्रासायक्लिन या जंतुनाशक औषधाला दाद न देणारी जनुकं सापडली. डॉक्टर म्हणत होते, ते औषध पोटात गेल्याशिवाय असं होत नाही, तिनेच दवाखान्यातून ते चोरून बाळाला दिलं. शुक्रवारी चौकशी, मग नोकरी गेलीच.

"सार्जंट, मी एक गोळीही घरी नेली नाही."

दोघे तिच्या घरी गेले. नवरा लातू म्हणाला, पोराला साधा तापही आलेला नाही. सासू लोसे चटई विणत बसली होती. पाहुणे दिसताच तिचं हलणारं तोंड थांबलं आणि तिने घाईने ओठ पुसले. तिच्या पोटरीवर जखमेचा मोठा व्रण होता. पेनीने विचारलं तेव्हा म्हणाली, दोन वर्षांपूर्वी महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या.

ताटात उकडलेल्या कोनफळाच्या मोठाल्या फोडी होत्या. पेनीने एक चिमूट कुस्करून बाळाला चमच्याने भरवायला घेतली. बाळाने ओठ घट्ट मिटले आणि आजीच्या तोंडाकडे टक लावली.

"नखरेल आहे बेटा," पेनी म्हणाला. सिओसाइया हसला नाही.

परतताना तो दवाखान्यात थांबला. भिंतीवर कालोलाइनेच्या अक्षरात पाटी होती: बाळाला चावलेला घास देऊ नका. त्याने डॉक्टरांकडून लोसेच्या लाळेचाही अहवाल मागवून घेतला.

शुक्रवारी चौकशीला सगळे जमले.

"औषध घेतलं ते आजीने, दोन वर्षांपूर्वी, पायाच्या जखमेसाठी," सिओसाइया म्हणाला. "गोळ्या थांबल्या, पण जनुकं तोंडातल्या जंतूंत टिकून राहिली. अहवालात तीच जनुकं आजीच्याही तोंडात निघाली. बाळ चमचा नाकारतं आणि आजीच्या तोंडाकडे बघतं. घरात एवढ्या मोठ्या फोडी, आणि बाळाला दात आलेत दोनच. मग खातंय कसं? आजी चावून देते. गोळीशिवायच जंतू लाळेतून आले."

लोसे उठून उभी राहिली. "मीच देत होते. आमच्याकडे असंच वाढवतात. मी विष दिलं का पोराला?"

"नाही हो. बाळ ठणठणीत आहे. पुढे आजारी पडलं तर डॉक्टर हे लक्षात ठेवून औषध निवडतील."

डॉक्टरांनी खाली मान घातली आणि कालोलाइनेची माफी मागितली.

"आई, मला सांगितलं का नाही?" कालोलाइनेने विचारलं.

"भिंतीवर तूच लिहिलंस ना. तुझी पाटी मोडतेय हे कोणत्या तोंडाने सांगू?"

पेनीला हे सगळं गाडीत बसल्यावर नीट उमगलं. त्याला स्वतःचाच राग आला. चमचा तर त्यानेच धरला होता.

दुपारी कालोलाइनेने कोनफळ मऊ कुस्करलं आणि चमचा सासूच्या हातात दिला. "तुम्हीच भरवा, आई."

बाळाने ओठ मिटले. लोसेने रिकामंच तोंड सावकाश चावल्यासारखं हलवलं. फोलाऊने तिच्याकडे पाहत आ केला.