चौथा गडी

बारामतीच्या इमामभाई आत्तारांच्या सायकल दुकानात रसूल पहिल्यांदा आला, तो खराखुरा पंक्चर घेऊन. इमामभाई बाहेर गेले होते आणि त्यांच्या लेकाची, दस्तगीरची, पाना धरण्यापासूनच बोंब. तेव्हा पडद्यामागून लेक वहिदाच पुढं आली. तिनं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडा शोधला, मान वर केली... तर हा पठ्ठ्या बुडबुडा सोडून तिच्याकडंच बघत होता! त्यानंतर चार महिन्यांत त्याची सायकल अकरा वेळा पंक्चर झाली.

"बाभळीचा काटा येगळा आन् टाचणी येगळी," अकराव्या खेपेला ती खालमानेनं म्हणाली. "आमाला वळखू येतं."

"मग आजपत्तुर बोलली का न्हाईस?"

"गिऱ्हाईक तुटंल की —"

ती हसली, आणि कामातून गेली.

दुकानातलं बारीक काम वहिदाच करायची. गावाला मात्र वाटायचं, हात इमामभाईंचा. बापानंच तिला शिकवलं होतं आणि बापानंच बजावलं होतं, "ज्या दिशी बोभाटा हुईल, त्या दिशी पाना खाली ठिवायचा."

पंचावन्न सालच्या माघात बारामती ते इंदापूर, भिगवणवरून, सायकल शर्यत ठरली. यंदा इंदापूरच्या बापूसाहेबांनी नवंच खूळ काढलं होतं. परदेशात म्हणे आता असंच पळतात. एकट्यादुकट्याचं काम नाही. गावागावाचे चौघांचे संघ, दहा-दहा मिनिटांनी सोडायचे, आणि वेळ धरायची ती तिसऱ्या गड्याची. पहिला कितीही उडाला तरी उपयोग शून्य, आणि चौथा वाटेत राहिला तरी कुणी विचारत नाही.

"म्हंजी नवरदेव ऱ्हायला बाजूला आन् मान करवल्याला!" गेणू कुरकुरला. तरी बारामतीकडून तो, रामहरी, दस्तगीर आणि रसूल असे चौघं ठरले. पुढं राहून वारा छातीवर घ्यायचा रसूलनं, बाकीच्यांनी त्याच्या आडोशानं चालायचं. सारी भिस्त त्याच्यावर.

आदल्या दुपारी रसूलची सायकल वहिदाच्या हातात होती. पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खुंटी, कॉटर म्हणतात तिला, झिजली होती. तिनं नवी ठोकून बसवली. रसूल समोर ठाण मांडून बसलेला.

"उद्या जिंकलो, तर तुज्या अब्बास्नी इचारू का?"

"काय इचारनार?"

"ह्येच... की ह्ये पंक्चर जल्मभर फुकट निघतील का..."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात बाहेर इमामभाईंचा खोकला ऐकू आला, आणि ती पडद्याआड पळाली.

सकाळी शर्यत सुटण्याआधीच इमामभाई आणि वहिदा हत्यारांची पिशवी घेऊन एस.टी.नं इंदापूरला निघाले. भिगवणला गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाचे नट आवळू लागला, आणि ते बघताना वहिदाला एकदम आठवलं. खुंटी तर ठोकली... पण तिचा नट? नट आवळलाच नव्हता!

"अब्बा..."

"काय गं?"

अजून वेळ होता. इथंच उतरून थांबलं, तर तासाभरात ते चौघं येतील. पण एक बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार. रसूल किती वेळ बसला होता, कशाला बसला होता...

"काय न्हाय."

गाडी सुटली. इंदापूर येईपर्यंत तिनं स्वतःला लाख शिव्या घातल्या. उतारावर दांडा निखळला तर? समोरून ट्रक आला तर? आपल्या एका गप्प बसण्यानं त्याचा जीव गेला तर?

इंदापूरच्या वेशीवर ही गर्दी. इंदापूरचा संघ येऊन बसला होता. बापूसाहेब हातातल्या घड्याळावरची नजर काढत नव्हते. मग धुरळा दिसला... रामहरी, गेणू आणि तिसरा दस्तगीर. रसूल नव्हताच! वीस सेकंदांनी बारामती हरली.

"लोणीच्या पुढं रसूलचं पायडल निघालं," दस्तगीर धापा टाकत सांगू लागला. "थांबतो म्हनलं, तर वरडला, तिसऱ्याची येळ हाय, चौथ्यासाठी थांबू नगासा!"

"पडले का ते?" वहिदानं सगळ्यांदेखत विचारलं.

"पडला. पन उठला."

त्यानंतरचा अर्धा तास तिनं कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. अखेर तो आला. एकाच पायानं पायडल मारत, दुसरा गुडघा रक्तानं माखलेला. तिच्या जिवात जीव आला.

"नट कुनी आवळला व्हता रं?" गेणू त्याच्या अंगावरच गेला.

रसूलनं क्षणभर वहिदाकडं पाहिलं. "म्या. माज्याच हातनं ऱ्हायला."

लोक तुटून पडले. येवढा सायकलवाला आन् साधा नट आवळता येईना! गावाचं नाक कापलंस! तो मान खाली घालून ऐकत राहिला. वहिदाला ते बघवेना. पाना जाईल, दुकान सुटेल, दिवाळीपर्यंत गाव चघळत बसेल... तरी पण त्यानं का ऐकून घ्यावं?

"त्यांनी न्हाय," ती पुढं झाली. "कॉटर म्या बसवला. नट म्याच इसरले."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"आजवर तुज्या हातनं कदी चूक न्हाय झाली," इमामभाई सावकाश म्हणाले. "आन् कालच कशी इसरलीस?"

"ह्ये समोर बसून बोलत व्हते..." तिनं रसूलकडं बोट केलं. "आन् मला ऐकावं वाटत व्हतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बापूसाहेबांनी उगाच घड्याळाला किल्ली दिली. इमामभाई लेकीच्या जवळ आले. मग खाली बसून त्यांनी पिशवी सोडली. हातोडी, पाना आणि एक नवा कॉटर तिच्यापुढं ठेवला.

"चुकलीस, तर दुरुस्त कर. हितंच. समद्यांदेखत."

रसूलनं सायकल उभी धरली. वहिदानं हातोडी उचलली. तिनं खुंटी ठोकली. तो हळूच वाकला, "वहिदा, म्या काय म्हनतो —"

"गप ऱ्हावा!"

त्यानं सायकल घट्ट धरली. तिनं अंगातलं सगळं बळ लावून नट आवळला, दांडा हलवून पाहिला, पुन्हा एकदा आवळला. मग कपाळावरचा घाम पुसला आणि भर गर्दीत त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"हां... आता बोला."