वाघोबाची ट्यूब

"खरूजच आहे ना? एका फेरीत वाडीची कातडी आरशासारखी करून देते," असं डॉक्टर वैजयंती डुंबरे घोडेगावच्या बैठकीत छातीठोकपणे सांगून आली होती.

दुसऱ्या फेरीला जीप डिंभ्याचं पाणी मागं टाकून वर उंबरवाडीला पोचली, तर अख्खी वाडी खाजवत होती. म्हातारे डोकं खांबाला घासत होते. बाया एका हातानं भात पाखडत होत्या, दुसरा हात कानामागं. ड्रायव्हर गेणभाऊ हळूच म्हणाला, "आरसा लई खरखरीत निघाला, म्याडम."

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. ठमाबाईच्या मांडीवर तिची नात आरोही निपचित पडली होती. खाजवून खाजवून फोडांत पू झाला होता, आणि आता डोळ्यांखाली सूज. म्हणजे दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं. दिवस कलला होता; उद्या तिला खाली दवाखान्यात नेता येईल, पण परतून ती याच खाजेत येणार. पुढच्या खेपेला पोर वाचेलच असं नव्हतं.

"मलम लावलं होतं ना? सगळ्यांनी, एकाच संध्याकाळी?"

"लावलं की. कापडं उकळली, गोधड्या उन्हात टाकल्या."

वैजयंतीनं एकेकाला तपासलं. बोटांच्या बेचक्या साफ. मनगटं साफ. पुरळ होतं फक्त डाव्या कानामागं, सगळ्यांच्या, त्याच जागी. मोठ्या माणसाला तिथं खरूज सहसा होत नाही. तिनं पुस्तकातली कारणं आठवून पाहिली. ती लवकरच संपली.

"ताई, येक जन राह्यलाय," ठमाबाई म्हणाली.

"कोण?"

"वाघोबा."

नवा भात, व्यालेल्या म्हशीचं दूध, लग्नाची हळद, वाडीत काहीही आलं की पहिला हात वाघोबाला. मलम तेवढं राहिलं होतं.

"अहो आजी, तो दगड आहे."

"आसंल. पन तुमीच म्हनला, येक जरी राह्यला तरी समद्यांना परत व्हतंय. त्येचं नाव तुमी घेतलं न्हाई, म्हनून आमी लावलं न्हाई. डाक्टर कोन हाय, तुमी का आमी?"

स्वतःच्याच वाक्यात अडकलेली वैजयंती ट्यूब घेऊन देवराईत निघाली. मागं अख्खी वाडी, खाजवत.

जांभळीच्या गर्द सावलीत कमरेएवढा दगड होता. शेंदराचे थरावर थर. डाव्या बाजूला, कानाच्या जागी, पोपडा सुटलेला. कडेनं बारीक, लाल पुरळ.

दगडावर.

तिनं हातमोजा चढवला, मग उगाच लाज वाटून काढला. बोट टेकवलं. एवढ्या गार सावलीत दगड ऊन होता.

"मानेखाली बी लावा," ठमाबाई कुजबुजली.

तिनं लावलं. झाडीतली किरकिर थांबली. माशी बसल्यावर म्हशीचं कातडं थरथरतं ना, तसा दगड थरथरला.

मागचं खाजवणं बंद झालं. सगळ्यांचं, एकदम.

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं काहीतरी तिच्या हाताखाली गप उभं राहिलं होतं, लहान पोरानं राहावं तसं.

त्या रात्री आरोही एकदाही न खाजवता झोपली. मलम सकाळी धुवायचं असतं हे आठवून वैजयंती धावत देवराईत गेली. दगड निथळत होता. मलमाचा ठिपका नाही. झऱ्यापासून दगडापर्यंत ओल, आणि रुंद पट्ट्यात गवत आडवं.

"बिबट्या असंल," गेणभाऊ म्हणाला.

"आंघोळ करून आलेला?"

गेणभाऊ जीपकडं गेला.

आरोही बरी झाली. सूज उतरली, आणि दवाखान्यातून घरी गेली ती जीपमध्ये गाणी म्हणत. या मलमाचा दुसरा हात आठवड्यानं द्यायचा असतो. वाडीच्या ट्यूबा वैजयंतीनं ठमाबाईकडं देऊन ठेवल्या होत्या. वाघोबाची मात्र चुकून तिच्या पर्समधून खाली डिंगोऱ्याला, तिच्या स्वतःच्या दवाखान्यात आली.

दुसरा हात द्यायच्या दिवशी घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंगोऱ्याच्या तिच्या दवाखान्याबाहेर पेशंट भिंतीला चिकटून उभे होते. बसायचं बाकडं मधोमध मोडलं होतं. लाकूड ओलं होतं, आणि त्याला शेंदूर लागला होता.